मैत्रीण माझ्यासाठी प्रार्थना करते. यादी करून. काय करू?

रंकाळ्याकाठची

विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही. इंग्लंडमधलं जुनं, नावाजलेलं आहे एवढं पुरे. इथे मराठी टाळकी इतकी थोडी आहेत की दोन ओळींत मला ओळखतील. मी कोल्हापूरची. ऑक्टोबरात एक वर्षाच्या मास्टर्सला आले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आले, नाहीतर आमच्या घरातलं कोणी शिकायला पुण्याच्या पुढे गेलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री दाराखालून चिठ्ठी सरकवलेली दिसली. देवाबद्दल कुठलाही प्रश्न मेसेज करा, टोस्टीत (म्हणजे भाजलेल्या सँडविचमध्ये) काय भरून हवं तेही लिहा, आम्ही टोस्टी आणि उत्तर दोन्ही खोलीवर आणून देऊ. फुकट. साडेदहा वाजलेले, पोटात कावळे, आणि फ्रिजमध्ये अर्धा कांदा. मी 'चीज-कांदा' लिहिलं आणि प्रश्न काहीतरी टाकायलाच हवा म्हणून टाकला, 'देव असेल तर इथे दुपारी चारला अंधार का पडतो?'

वीस मिनिटांनी दार वाजलं. दारात माझी शेजारीण! भिंतीला भिंत लागून खोली, आणि महिनाभर आमचं नुसतं 'हाय-बाय' चाललेलं. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेली टोस्टी. म्हणाली, "उत्तर मला येत नाही. पण मी उत्तर आयर्लंडची आहे. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडतसुद्धा नाही." आणि तिथेच उंबऱ्यात बसली. एक वाजेपर्यंत.

तेव्हापासून आमचं गूळपीठ. ती इथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटात आहे हे पहिल्या दिवसापासून उघड होतं, लपवाछपवी काही नाही. मला सायकल शिकवली तिने (हो, कोल्हापूरची असून येत नव्हती, हसा). आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी ती आता टोस्टवर लोणी लावून त्यावर थापून खाते आणि डोळ्यांतून पाणी काढत "अजून" म्हणते. माझ्या फोडणीने फायर अलार्म वाजला आणि अख्खं घर नाइट ड्रेसवर रस्त्यात उभं राहिलं, तेव्हा पोर्टरला "माझा टोस्ट करपला" असं धडधडीत खोटं सांगितलं तिने. दहा आज्ञा पाठ असलेल्या पोरीने. जानेवारीत मला फ्लू झाला. ताप एकशेतीनच्या वर गेला तेव्हा १११ ला, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला, फोन करणारी तीच, आणि खुर्चीत बसून रात्र काढणारीही तीच.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तिची इस्त्री परत द्यायला गेले. ती आंघोळीला गेलेली, दार उघडं. टेबलावर बायबल, त्यात खुणेला पोस्टकार्डाएवढा जाड कागद. मी वाचायला नको होता, मान्य. पण स्वतःचं नाव दिसलं की डोळे थांबत नाहीत. तीन नावं होती, माझं दुसरं. स्पेलिंग चुकलेलं! पाच महिने झाले, पोरीला माझं नाव धड लिहिता येत नाही. नावाखाली बारीक अक्षरात: 'कॉफी', पुढे बरोबरची खूण. 'आजारपण', खूण. 'लूक १५ एकत्र वाचणे' (बायबलातला अध्याय), पुढे प्रश्नचिन्ह. 'दुपारचं व्याख्यान', खूण.

व्याख्यानाला गेले होते मी. फेब्रुवारीत त्यांचा आठवडाभर कार्यक्रम असतो, रोज दुपारी एक भाषण आणि फुकट बगेट. विषय होता दुःख. बोलणारा माणूस चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. शेवटी चौकोनांत खुणा करायचं कार्ड दिलं, मी कोरं परत केलं. पण आपल्या नावापुढेसुद्धा कुणीतरी खूण करतंय हे तेव्हा माहीत नव्हतं.

'आजारपण' या शब्दापुढची ती खूण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या रात्री माझ्या कपाळावर पट्टी ठेवणारी कोण होती? मैत्रीण, की गृहपाठ पुरा करणारी?

धर्माचं म्हणाल तर मला भीतीबीती नाही. आमच्याकडे गणपती बसतो, मी अंबाबाईला जाते, तिथून मला कोणी हलवणार नाही. ख्रिस्ती धर्माशी माझा आजवरचा संबंध म्हणजे नाताळात बाबा स्कूटरवरून वायल्डर चर्चची रोषणाई दाखवायला न्यायचे, तेवढाच. पण फसवल्यासारखं वाटतंय. आणि तिने ईस्टरच्या सुट्टीत घरी बोलावलंय. तिच्या वडिलांच्या मेंढ्या आहेत, तेव्हा वीण चालू असते, "हात लागतील" म्हणाली. मी आधीच हो म्हणून बसले आहे. आईला फोनवर अर्धवट सांगितलं तर म्हणाली, "जेवायला जा, पाण्यात बुडवायला लागले तर ये निघून."

जाऊ का? आणि त्या कार्डाबद्दल बोलू, की गप्प बसू?

सडेतोड

यात विचारण्यासारखं काय आहे? सावज आहात तुम्ही. आधी खाऊ, मग आजारपणात सेवा, मग सुट्टीत घरी. इकडे आदिवासी पाड्यांवर तांदूळ देतात, तिकडे टोस्टी. पद्धत तीच. ब्लॉक करा आणि अभ्यासाला लागा.

पाळकाचा_मुलगा

सडेतोड, माझा पणजोबा नगर जिल्ह्यातला, महार. त्याला कुणी तांदूळ दिला नव्हता. मिशनच्या शाळेत इतरांबरोबर आत बसू दिलं, एवढंच दिलं. तेवढं तुमच्या-आमच्या गावाने दिलं असतं तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. यावर इथे वाद घालणार नाही, धागा ताईंचा आहे.

ताई, मी त्या कार्डाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझ्याकडेही असं कार्ड होतं. पुण्यात इंजिनीअरिंगला असताना आमचा प्रार्थनेचा गट होता, शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीवर. भारतातही विद्यार्थ्यांचं हे काम जुनं आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, युईएसआय ही दुसरी विद्यार्थी संघटना १९५४ पासून. आम्हाला शिकवलं होतं की तीन-चार मित्रांची नावं लिहा आणि रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. नावं लिहिली नाहीत तर आपण फक्त स्वतःच्या परीक्षेसाठी प्रार्थना करतो, हा अनुभव. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. ती खरी आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो जिवलगापासून ती लपवून ठेवील तर तो कसला मित्र? तुमच्या शेजारणीच्या डोक्यात हे असणार. त्यात लबाडी नाही.

पण आता माझी चूक सांगतो. माझ्या कार्डावर पहिलं नाव माझ्या रूममेटचं होतं. लातूरचा. वर्षभर आम्ही एका डब्यात जेवलो. माझ्या आग्रहाखातर तो तीन-चार वेळा गटात येऊन बसला, गाणीही म्हटली. मग एका रात्री मेसवरून परतताना म्हणाला, "हे बघ, तुझं चालू दे, मला नको." मी "बरं" म्हणालो. भांडण नाही, काही नाही. पण पुढच्या वर्षी नवीन पोरं आली आणि माझ्या संध्याकाळी त्यांच्याकडे वळल्या. हे मला कळलंसुद्धा नाही. त्याला कळलं. एकदा बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, "माझं नाव कटलं काय रे यादीतनं?"

मी हसून नेलं. त्याच्या लग्नाचं मला तिसऱ्याकडून कळलं. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

म्हणून तुम्ही कार्डाकडे बघू नका. त्या कार्डावर मागच्या वर्षी कोण होतं ते विचारा. चौथ्या वर्षाला आहे ना ती? मग आधी नावं असणारच, आणि त्यांतल्या काहींनी सरळ नाही म्हटलं असणार. ती आज कुठे आहेत? ती त्यांच्याबरोबर अजून जेवते का? त्या खुणा मात्र मलाही आवडल्या नाहीत. आजारपण ही टिक करायची गोष्ट नाही.

रंकाळ्याकाठची

दादा, नाडीचं वाचून पोटात खड्डा पडला. हो, चौथ्या वर्षाला आहे, बरोबर ओळखलंत. हे विचारायचं सुचलंच नव्हतं मला.

दुसरा_वाफाळता

केंब्रिजला होतो, नाव द्यायला मला हरकत नाही कारण माझी काही तक्रार नाही. तिथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाला (केंब्रिज इंटर-कॉलेजिएट ख्रिश्चन युनियन) सगळे 'किक्कू' म्हणतात, आद्याक्षरांवरून. स्थापना १८७७. मी कट्टर नास्तिक, घराणं वारकऱ्यांचं, आणि चार वर्षांत किमान तीस टोस्ट्या खाल्ल्या असतील. शेवटी शेवटी माझे प्रश्न इतके अवघड झाले की ते दोघे-दोघे यायला लागले.

हे खाऊ देऊन प्रश्न विचारायचं खूळ आजचं नाही, ताई. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये चार्ल्स सिमियन नावाचा पाळक १७८२ पासून १८३६ पर्यंत होता. सुरुवातीला लोकांना तो इतका नकोसा होता की बाकांचे मालक आपापल्या बाकांना कुलपं लावून घरी बसायचे. तो किंग्ज कॉलेजातल्या आपल्या खोल्यांत शुक्रवारी पोरांना चहाला बोलवायचा, कुणी काहीही विचारा. टोस्टीचा पणजोबा म्हणजे सिमियनचा चहा.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी: १८८२ ची ओव्हलची कसोटी, जिच्यामुळे ॲशेस हे नाव पडलं, त्यात इंग्लंड सात धावांनी हरलं तेव्हा दुसऱ्या टोकाला एकही चेंडू न खेळता उभा राहिलेला सी. टी. स्टड हा केंब्रिजचाच. तीन वर्षांनी बॅट ठेवून मिशनरी म्हणून चीनला गेला. सोबत आणखी सहा जण. 'केंब्रिज सेव्हन' म्हणून तेव्हा खूप गाजले. माझ्या मजल्यावरच्या किक्कूवाल्याने ही गोष्ट मला धर्मप्रसारासाठी सांगितली, मी ती गेली दहा वर्षं क्रिकेटची म्हणून सांगतोय.

तो अजून मित्र आहे. माझ्या लग्नाला कराडला आला, अंतरपाट धरायला लावला त्याला. मला वाचवायचा प्रयत्न त्याने सोडलेला नाही, आणि मी त्याला पत्ते शिकवायचा. एक मात्र खटकायचं ते सांगतो. त्यांच्यात गेलं की किती का वर्षं होईनात, तुम्ही पाहुणेच. सगळे भयंकर चांगले वागतात. इतकं चांगलं वागणं थकवतं राव. घरचं माणूस असतं तर एखाद्याने तरी खेकसून बोललं असतं.

अडगळ

ताई, वायल्डर चर्चचं नाव तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच अडकलो. ते ज्यांच्या नावाचं आहे ते रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट, जन्म १८६३, कोल्हापूर. म्हणजे तुमच्या गावचा. कुटुंब पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला गेलं, रॉबर्ट तिथल्याच कॉलेजात शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मनला मूडी या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने कॉलेजच्या पोरांचं शिबिर भरवलं. अडीचशे पोरं. उठली तेव्हा त्यांतल्या शंभरांनी परदेशी मिशनवर जायची तयारी दाखवली होती. खटपट मुख्यतः या कोल्हापूरकराची. मग वर्षभर तो एका सोबत्याबरोबर कॉलेजमागून कॉलेज हिंडला, बोलत आणि सह्या घेत. पुढे ब्रिटनच्या विद्यापीठांतही गेला, आणि १८९२ मध्ये तिकडेही मिशनवर जायला तयार असलेल्या विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. तेव्हा ती चिठ्ठी तुमच्या दाराखाली कुठून कुठून आली हे बघायला गेलात तर एक वाट परत तुमच्या घराकडे येते.

आता बापाचं. गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं की बायकोला शिकवायचंय, तिकडे काही सोय होईल का. ते फिरत फिरत रॉयल वायल्डरकडे पोचलं. त्यांनी ते आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापलं. मदतीचं घोडं मात्र ख्रिस्ती होण्यापाशी अडलं. तो अंक न्यू जर्सीत रोझेलला राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती लागला, दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत चाळायला घेतला तेव्हा. बाईंनी थेट आनंदीबाईंना पत्र घातलं. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला कार्पेंटरबाई हजर. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी मिळाली, पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, ती त्यांनी पूकीप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली, आपल्या माणसांच्या शेजारी.

कार्पेंटरबाईही ख्रिस्तीच होत्या हो. वायल्डरही. पत्र एकच होतं.

सडेतोड

इतिहासाचा तास संपला असेल तर वस्तुस्थितीवर या. १८८६ ची बाई चांगली निघाली म्हणून आजची पोरगी चांगली ठरत नाही.

अडगळ

बरोबर. वाईटही ठरत नाही.

रंकाळ्याकाठची

उशीर झाला लिहायला, सबमिशन होतं. बोलले.

चहा करत होतो, तिचं दूध उतू जायच्या बेतात, मी म्हटलं, "तुझ्या बायबलातलं कार्ड मी वाचलं." ती लालबुंद झाली. दूध गेलं उतू. पुसता पुसता म्हणाली की ते कार्ड दर टर्मला गटात वाटतात, मुद्दे लिहायची जागा छापलेलीच असते, आणि खुणा करायची सवय तिला लहानपणापासून आहे, किराण्याच्या यादीतसुद्धा करते. मी म्हटलं, मी किराणा नाही. त्यावर काही बोलली नाही.

मग दादांचा प्रश्न विचारला, आधीच्या वर्षांची नावं. तिने पहिल्या वर्षाचं कार्ड काढून दाखवलं, जपून ठेवलंय. तीन नावं. त्यातली एक म्हणजे वरच्या मजल्यावरची ती जर्मन मुलगी, जिच्याबरोबर ही दर बुधवारी पोहायला जाते. ती ठार नास्तिक आहे हे मला माहीत होतं, यादीत होती हे नव्हतं. दुसरा मुलगा शिक्षण संपवून गेला, कधीमधी बोलणं होतं म्हणाली. तिसऱ्या नावाशी जरा थांबली. "हिला मी नंतर भेटलेच नाही," म्हणाली. "का ते मला सांगता यायचं नाही." त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. दादा, तुमच्या लातूरच्या मित्राची गोष्ट मी तिला सांगितली. नाव-गाव काही नाही, फक्त नाडीचं.

मी विचारलं, मी ख्रिस्ती व्हावं असं वाटतं का तुला? म्हणाली, "हो. रोज." आणि मी कधीच होणार नसेन तर? "तरी रोज." यावर काय बोलणार. गटात माझ्याबद्दल काय सांगितलंस, हेही विचारलं. 'ती प्रश्न चांगले विचारते' असं सांगितलं होतं म्हणे. त्याचा राग अजून आहे, आणि तो मी तिला बोलून दाखवला. आता माझ्याबद्दल गटात बोलायचं नाही असं ठरलंय.

मेंढ्यांकडे जातेय. पाच दिवस. रविवारच्या उपासनेला येणार नाही, मागे राहून स्वयंपाक करीन असं कळवलंय. तिच्या आईला पिठलं खायचंय. लूक १५ मात्र परवा मी माझी मीच वाचलं. तिला सांगितलेलं नाही, नाहीतर करील खूण.

निघताना तिने ते कार्ड पुढे केलं, म्हणाली फाडून टाकू का? मी म्हटलं राहू दे, पण नाव नीट लिही. तिला जमेना. शेवटी मीच पेन घेतलं, चुकीच्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं. खालच्या खुणांवरही रेघ ओढली.

आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.